कोरा राहिलेला खिळा

मी एक लोखंडी धाव बोलतेय. चाकाच्या लाकडावर बाहेरून जी पट्टी चढवतात ना, ती. पण चाक माझ्या नशिबात फार दिवस नव्हतं आणि रस्ताही नव्हता. माझं बहुतेक आयुष्य छताला टांगलेल्या अवस्थेत गेलं. त्यामुळे माझ्याकडे सांगायला प्रवास नाही. एका घरानं पाहिलेली वाट आहे, तेवढी सांगते.

माझा जन्म कझाकस्तानातल्या कारागांडा शहराच्या उत्तरेला, गवताळ माळावरच्या एका वस्तीत, लेओनहार्ट लोहाराच्या भट्टीत झाला. लेओनहार्ट जर्मन. त्याला, त्याच्या बायकोला ओटिलियाला आणि म्हाताऱ्या आईला रशियातल्या वोल्गा नदीकाठच्या गावातून उचलून मालगाडीनं इथे आणून सोडलं होतं. रशियाचं जर्मनीशी युद्ध चालू होतं आणि त्यांची भाषा शत्रूची होती, एवढाच गुन्हा. गावच्या गावं अशी आली. आल्यावर पहिल्या थंडीत त्यांनी जमिनीत खड्डा खणून, वर गवतमातीचं छप्पर घालून घर केलं.

लेओनहार्टनं मला एका हातगाडीसाठी घडवलं. धाव नेहमी चाकापेक्षा थोडी लहान करतात. मग तिला लालबुंद तापवायचं, ती फुगली की चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचं. चर्र आवाज होतो, धाव आकसते आणि लाकडाला अशी मिठी मारते की ती सुटता सुटत नाही. मी अशीच मिठी मारली. लाकडाला मला पक्कं करायला त्यानं चार भोकं पाडून चार खिळे ठोकले. त्याच्या हातोड्याचे घाव माझ्या सांध्यावर अजून आहेत.

हातगाडीतून कोळसा जायचा, गोवऱ्या जायच्या, एकदा तर ओटिलियाची तान्ही फ्रीडा ताप आला म्हणून वैद्याकडे गेली. पण पुढच्या हिवाळ्यात गाडीचा आस मोडला. थंडी अशी होती की घरात लाकडाचा तुकडा ठेवणं परवडणारं नव्हतं. माझं चाक चुलीत गेलं. मी राखेतून रिकामी बाहेर आले. ज्याला धरायला मला घडवलं ते गेलं होतं, पण माझी मिठी मात्र तेवढ्याच मापाची राहिली.

लेओनहार्टची आई बार्बारा तरुणपणी चर्चच्या एका पाळकबाबांच्या घरी कामाला होती. मला हातात धरून ती म्हणाली, "लेओनहार्ट, हिला वितळवू नकोस. पाळकबाबांकडे नाताळाआधी असं एक गोल चक्र टांगायचे. त्यावर चार मेणबत्त्या. दर रविवारी एक वाढवायची."

"आई, खायला बटाटा नाही आणि तुला मेणबत्त्या हव्यात."

"बटाटा नाही म्हणूनच हव्यात."

लेओनहार्ट हसला. त्यानं माझ्या चार भोकांत आतून चार खिळे घातले आणि त्यांची टोकं वर वळवली, मेणबत्ती रोवता यावी म्हणून. तीन दोऱ्यांनी मला तुळईला आडवं टांगलं. पाळकबाबांच्या चक्राला म्हणे देवदारासारख्या झाडाच्या हिरव्या फांद्या गुंडाळत. आमच्या माळावर कोसच्या कोस झाड नाही. ओटिलियानं बर्फाखालून दवण्यासारख्या वासाची सुकी झुडपं उपटून आणली आणि माझ्याभोवती बांधली.

मेणबत्त्यांसाठी चरबी दिली शेजारच्या कुलाशनं. कुलाश कझाक, ओटिलियाच्याच वयाची, तिचा नवरा आघाडीवर लढायला गेलेला. तेव्हा दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती, तरी थट्टा समजायची.

"मेंढीची चरबी आहे हो," कुलाश नाक मुरडून म्हणाली. "तुमच्या देवाला वास चालेल ना?"

"तो गोठ्यातच जन्मला, बाई," बार्बारा म्हणाली. "त्याला तो वास ओळखीचा आहे."

प्रार्थना करायला बंदी होती. म्हणून आठवडाभर माझ्यावर मोजे वाळत. एकदा वस्तीवर पहारा ठेवणारा कमांडंट तपासणीला आला, वर बघून म्हणाला, "हे काय टांगलंय?"

"मोजे, साहेब," बार्बारा म्हणाली. "तुमचे ओले असतील तर तेही द्या."

तो खरंच पायांकडे बघत निघून गेला. रविवारी संध्याकाळी मात्र मोजे उतरत आणि मी माझ्या कामाला लागत असे. पहिल्या रविवारी बार्बारानं हलक्या आवाजात सांगितलं होतं, "पहिली मेणबत्ती आपल्याआधी ज्यांनी वाट पाहिली त्यांच्यासाठी. दुसरी अंधारात चालणाऱ्यांसाठी. तिसरी आनंदाची, कारण आता फार लांब नाही. आणि चौथी म्हणजे दाराची कडी वाजली. प्रभू उंबरठ्यावर आला."

तिसरी लागली आणि त्याच आठवड्यात वस्तीतल्या पुरुषांना बोलावणं आलं. उत्तरेच्या जंगलात, सक्तीच्या लाकूडतोडीला. ओटिलियाच्या पदरात तान्हं मूल होतं म्हणून तिला सोडलं. लेओनहार्टनं कोट चढवला, पाव बांधून घेतला आणि जाता जाता माझ्या चौथ्या खिळ्याला बोटानं टिचकी मारली.

"ही चौथी माझ्याशिवाय लावू नकोस हं, ओटिले. मी आलो की लावू."

"असं बोलू नये," बार्बारा म्हणाली. "सणाला अटी घालू नयेत."

"गंमत करतोय गं आई."

गंमतच होती. ओटिलियाला रडू फुटू नये म्हणून केलेली. पण तो गेला आणि मागे राहिलेल्या माणसानं त्या गमतीची शपथ केली.

चौथ्या रविवारी बार्बारा काडी घेऊन उठली तेव्हा ओटिलियानं माझ्यावर हात धरला. "नको, आई. ते सांगून गेलेत." म्हाताऱ्या बार्बाराच्या अंगात भांडायचं बळ नव्हतं. पुढच्या वसंतात ती उपासमारीनं गेली. ती असती तर कदाचित ही गोष्ट वेगळी झाली असती.

दोन वर्षांनी जंगलातून परतलेला एक माणूस म्हणाला, "लेओनहार्टला मी पाहिलं होतं. बर्फ वितळत होता तेव्हा. जिवंत होता. मग आमची टोळी हलवली." त्यापुढे काही नाही. मेल्याची खबर नाही, जिवंत असल्याची नाही. कुलाशच्या नवऱ्याची मात्र खबर आली. ती उंबऱ्यात बसून आक्रोश करून रडली, शेजारणी जमल्या, तिनं त्याच्या नावानं जेवण घातलं. तिचं दुःख मोठं होतं, पण त्याला काठ होता. ओटिलियाच्या दुःखाला काठ नव्हता.

वर्षं गेली. खड्ड्यातलं घर जाऊन मातीच्या विटांचं आलं, मीही नव्या तुळईला आले. माझ्यावरचे फ्रीडाचे मोजे मोठे होत गेले, मग तिच्या मुलांचे छोटे मोजे आले. बंदी सैल झाली तेव्हा आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या, रविवारी बायका आमच्याकडे जमू लागल्या, आधी पडदे ओढून, नंतर न ओढता. नवीन कोणी आली की विचारायची, "तीनच का?" दुसऱ्या हळूच सांगायच्या, "तिचा एक यायचाय."

तीन खिळे काजळी खाऊन काळे झाले. चौथा कोराच राहिला. फ्रीडा झाडलोट करताना त्याचा गंज पुसायची आणि म्हणायची, "आई, हा खिळा तुझा लाडका आहे." तिला वडील आठवत नव्हते. तिच्यासाठी वडील म्हणजे तो खिळा.

मलाही लेओनहार्टची आठवण यायची, खोटं कशाला बोलू. दाराशी जड पावलं वाजली की माझे दोर ताणल्यासारखे वाटायचे.

मग तो काळ आला जेव्हा सोव्हिएत देश मोडला आणि वस्तीतली जर्मन घरं एकामागून एक रिकामी होऊ लागली. सगळे जर्मनीला निघाले. रविवारी जमणाऱ्या बायका कमी झाल्या, मग फक्त ओटिलिया आणि फ्रीडा उरल्या. फ्रीडाचीही कागदपत्रं झाली होती, आईसकट. नाताळानंतर निघायचं होतं.

"मी येत नाही," ओटिलिया म्हणाली.

"आई, किती वेळा तेच? इथे आता डॉक्टर नाही, पाव आणायला दुसऱ्या गावाला जावं लागतं. एकटी कशी राहशील?"

"ते आले तर? त्यांना हेच गाव माहीत आहे. दाराला कुलूप बघून कुठे जातील?"

फ्रीडानं हातातली बशी आपटली. "ऐंशीला टेकले असतील बाबा! असले तर! तू त्यांची वाट बघतेस, आणि मी इथे समोर आहे ती तुला दिसत नाही. मी तुला सोडून जाऊ कशी, सांग? आणि तू येत नाहीस म्हणून मी राहिले, तर आधीच तिकडे गेलेल्या माझ्या मुलांनी एकटं राहायचं?"

ओटिलिया ती बशी उचलून पुसू लागली. तिच्या डोळ्यांसमोर दोन दारं होती आणि एक उघडायचं तर दुसरं लावावं लागणार होतं.

चौथ्या रविवारी संध्याकाळी कुलाश आली. आता तीही म्हातारी, काठी टेकत, शालीखाली कणकेच्या तळलेल्या गोळ्यांची थाळी. वर्षानुवर्षं ती या दिवशी यायची, आमची गाणी ऐकत बसायची आणि शेवटी "तुमची गाणी फार रडकी बाई" असं म्हणून जायची. त्या दिवशी तीन मेणबत्त्या लागल्या, गाणं दोघींनीच म्हटलं. कुलाश माझ्याकडे बघत होती.

"ओटिले," ती म्हणाली, "तुझी सासू एकदा मला म्हणाली होती की चौथी लागली की देव उंबऱ्यावर येतो. खरं का?"

"असं म्हणतात."

"म्हणजे इतकी वर्षं तो बाहेर उभा आहे?"

ओटिलियानं मान वर केली.

"रागावू नकोस. मी अडाणी बाई. पण आमच्यात दारावर कोणी आलं की तो देवानं पाठवलेला पाहुणा असतो. ओळखीचा असो, नसो. मटणाचा एक तुकडा त्याच्यासाठी आधीच काढून ठेवलेला असतो. घरचा माणूस परतायचा आहे म्हणून आलेल्या पाहुण्याला बर्फात उभं करायचं, असं आमच्यात करत नाहीत." तिनं काठी जमिनीवर टेकली. "आणि मला विचारशील तर, तो पाहुणाच तुझ्या माणसाला रस्त्यात भेटलेला असेल. त्याला आत घेऊन विचार तरी, कुठे पाहिलास म्हणून."

चुलीत कोळसा तडकला. फ्रीडानं तोंडावर हात ठेवला होता.

ओटिलिया उठली. काडी दोनदा विझली. फ्रीडा मदतीला उठली तर म्हणाली, "नको. मीच." आणि त्या कोऱ्या खिळ्यावर ठेवलेल्या मेणबत्तीला तिनं ज्योत लावली. दर वर्षी ती मेणबत्ती तिथे रोवायची, न पेटवता, आणि सण संपला की काढून ठेवायची. मला पहिल्यांदाच चारही बाजूंनी ऊब लागली.

मग ती गेली आणि तिनं दार सताड उघडलं. थंडीचा लोट आत आला, ज्योती आडव्या झाल्या, पण विझल्या नाहीत. अंगणात बर्फ होता, दुसरं कोणी नव्हतं. मी खोटं सांगणार नाही, कोणी आलं नाही. पण ओटिलिया दाराला धरून म्हणाली, "आत ये. फार थांबवलं तुला," आणि लेओनहार्ट गेल्यापासून जे रडू तिनं आत कोंडलं होतं ते बाहेर आलं. फ्रीडानं तिला मागून मिठी मारली. ती मिठी मला ओळखीची होती. तापून मऊ झाल्यावर, पाणी पडताना मारलेली.

"अगं दार लावा आता," कुलाश म्हणाली, "पाहुणा आत आला असेल तर गारठून मरेल बिचारा."

दोघी रडता रडता हसल्या.

निघायच्या दिवशी ओटिलियानं मला सामानात बांधलं नाही. दोर सोडून मला कुलाशच्या हातात दिलं. "ते आले तर हिला ओळखतील. त्यांच्या हातची आहे."

"आले तर जेवू घालीन आणि तुझ्याकडे पाठवीन," कुलाश म्हणाली. "तुझा नवरा तो माझा पाहुणा. जा आता, गाडीवाला शिव्या देतोय."

गाडीच्या चाकांचा बर्फातला आवाज मी दूरपर्यंत ऐकला. लोखंड रडत नाही, असं लोक म्हणतात.

आता मी कुलाशच्या चुलीवर टांगलेली आहे. वर्षभर माझ्यावर तिच्या नातवंडांचे मोजे वाळतात. डिसेंबर लागला की ती सुनेला म्हणते, "ते मोजे उतरव, तिची वेळ झाली." ती मेणबत्त्या लावत नाही, तो तिचा धर्म नव्हे. पण माळावरून ती कडवट वासाची झुडपं आणून माझ्याभोवती बांधते आणि निजायची वेळ होईपर्यंत दाराला कडी घालत नाही. जर्मनीहून ओटिलियाचा निरोप आला होता. तिकडे हिरव्या फांद्या मिळतात, पण त्यांना आमच्या माळाचा वास येत नाही, असं तिनं कळवलं होतं. आणि ती आता चारही मेणबत्त्या लावते.

तुमच्या घरी वाट पाहणं असेल, आणि ते सगळ्यांच्या घरी असतं, तर माझं एकच मागणं आहे. ज्याची वाट पाहता त्याची जागा ठेवा, पण त्या जागेसाठी दार बंद करू नका. मी अजून लेओनहार्टची वाट पाहते. माझे चारही खिळे काळे झाले म्हणून ओढ काही कमी झाली नाही. फक्त आता मी एकटी वाट पाहत नाही, एवढंच.

आज बाहेर वारा आहे. दाराची कडी वाजली. कुलाश कणीक मळते आहे. ती मान वर न करता म्हणते,

"उघडंच आहे. या."