माझी घंटा का वाजली नाही

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या या कपाटात, पिवळ्या फडक्याखाली जो जुना संगणक झोपल्यासारखा दिसतो, तो मी. झोप म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. पण दुपारचं ऊन काचेतून आत आलं की माझ्यात अजून काहीतरी हळूहळू वाहत राहतं.

मला विद्यापीठातल्या एका प्राध्यापक बाईंनी घडवलं. काम एकच: वेगवेगळ्या यंत्रांकडून येणाऱ्या बातम्या जुळवायच्या आणि धोका दिसला की घंटा वाजवायची. बाई स्वतः रचलेल्या लाखो बातम्या माझ्यात सोडत. प्रत्येकीवर वेळेचा शिक्का, एकही मागेपुढे नाही. मी त्यात नुसता तरंगत असे. शोधनिबंध छापले गेले, पाहुणे माना डोलावून गेले आणि मी अगदी हवेत होतो.

बाईंचा धाकटा भाऊ बाटल्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याने मला हौसेने तिकडे नेलं. भट्टीतून निघालेल्या गरम बाटल्या पट्ट्यावरून पॅकिंगच्या खोलीकडे जात. मध्ये एक मावशी उभ्या राहून तडे गेलेल्या बाटल्या वेचत. पुढे पट्टा अडला आणि मागून बाटल्या येतच राहिल्या, तर मी घंटा वाजवायची, म्हणजे मावशी मागे सरतील.

चौथ्या दिवशी पट्टा अडला. भट्टीकडच्या घड्याळात दहा वाजले होते. पॅकिंगच्या खोलीतून बातमी आली, 'दहा वाजून दहा मिनिटांनी पट्टा अडला.' हे तर अजून घडायचंय, असं समजून मी ती बाजूला ठेवली आणि शांतपणे वाट पाहत बसलो. बाटल्या एकमेकींवर चढल्या, फुटल्या आणि तापलेली काच मावशींच्या उजव्या हातावर पडली.

"ताई, तुझं हे यंत्र वर्गातच शोभतं," भाऊ म्हणाला.

"आधी तुमची घड्याळं सुधारा!" बाईही इरेला पेटल्या.

दोघांनी बोलणं टाकलं आणि मला हे कपाट मिळालं. दोन वर्षं मी ती एकच बातमी मनात घोळवत राहिलो. मला फार वाईट वाटत होतं.

मग एका सकाळी मावशी स्वतःच इथे आल्या. "बाई, भांडायला नाही आले. घंटा का वाजली नाही, तेवढं सांगा."

बाईंनी समजावलं. मावशींना हसूच फुटलं. "अगं बाई! पॅकिंगच्या खोलीतलं ते घड्याळ तर मीच दहा मिनिटं पुढं केलं होतं, सुटताना बस चुकू नये म्हणून. सगळ्यांना माहीत होतं, तुमच्या भावालासुद्धा. त्यांना वाटलं, एवढं शिकलेलं यंत्र, त्याला कळेलच."

"मला कुणी सांगितलं नाही," बाई पुटपुटल्या.

"तुम्ही आलाच कुठं होतात विचारायला?"

बाई पर्स उचलून मावशींबरोबर कारखान्यात गेल्या आणि आठवडाभर त्या पट्ट्याशेजारी स्टूल टाकून बसल्या. भाऊ शेजारी उभा राहून एकेक गोष्ट सांगत होता म्हणे. आता तिथे नवं यंत्र आहे. उशिरा आलेल्या, पुढे धावलेल्या बातम्याही ते जुळवून घेतं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, असं मी म्हणणार नाही. पण कुणासाठी काही बनवाल, तर आधी त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. मी सगळ्या परीक्षांत पहिला आलो होतो, आणि मावशींची दोन बोटं अजूनही वाकत नाहीत.