इराने भरवलेला कागद

मी एक जुने कागद कापायचे यंत्र आहे. मित्रांनो, ऑफिसात मला श्रेडर म्हणतात. अबू धाबीतल्या एका बँकेत, झेरॉक्स मशीनच्या शेजारी माझे दिवस गेले. बाकी काही असो, माझे दात पहिल्यापासून धारदार.

२००८ साली जगभरच्या बँका गडगडल्या आणि आमच्याकडच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. गुणवंत नावाचा कारकून मात्र टिकला. शेजारच्या चार आखाती देशांत पैसे पाठवायला तेव्हा चार तऱ्हेचे फॉर्म लागत. पुढे आमच्यासकट पाचही देशांचे चलन एक होणार, मग फॉर्मही एकच हवा, असे ठरले. तो फॉर्म गुणवंतने जीव ओतून केला. "हे जमलं की नोकरी पक्की," असे तो ऑफिसातून घरी बायकोला, साधनाला, फोनवर सांगायचा.

साहेब राजाभाऊंनी लेखी हुकूम काढला: जुन्या छापाचे सगळे कागद नष्ट करा. मी आठवडाभर पोटभर जेवले. गुणवंतने माझी पाठ थोपटली. तो हुकूमही जुन्या छापाच्या लेटरहेडवरच होता. गुणवंत पडला शिस्तीचा. त्याने तोही मला भरवला.

मे २००९ मध्ये आमच्या अमिरातीने त्या सामाईक चलनातून अंग काढून घेतले. जुने कागद पुन्हा हवे झाले. राजाभाऊंनी सरळ हात झटकले.

"मी कधी सांगितलं? लेखी आहे का काही, गुणवंत?"

रविवारपर्यंत हुकूम दाखव, नाहीतर नोकरी आणि व्हिसा दोन्ही खलास, असे त्यांनी त्याला बजावले.

शनिवारी शाळेला सुट्टी, म्हणून तो सात वर्षांच्या मुलीला, इराला, घेऊन आला. माझ्या पोटातून निघालेल्या पट्ट्यांची पोती उपसून दोघे जमिनीवर बसले. इराला ते कोडेच वाटले.

"बाबा, धिस वन फिट्स!"

दुपारपर्यंत पूर्ण हुकूम जुळला, राजाभाऊंच्या सहीसकट. गुणवंतच्या डोळ्यांत पाणी आले. तो चिकटपट्टी आणायला खाली धावला.

तेवढ्यात राजाभाऊ आले. वाकून त्यांनी सगळे नीट वाचले.

"अरे वा, हुशार आहेस! मशीन चालवायचंय?"

"कॅन आय, अंकल?"

"यल्ला, चल बेटा. पट्टी आडवी धर, मग गंमत बघ."

इराने मला एकेक पट्टी भरवली. मी भुगा केला. खोटे कशाला बोलू, मला मजा आली.

गुणवंत धापा टाकत परतला.

"बाबा, आय डिड इट ऑल बाय मायसेल्फ!"

त्याने रिकाम्या फरशीकडे पाहिले, मग राजाभाऊंच्या बंद दाराकडे. "छान केलंस हं," तो म्हणाला.

महिन्याभरात ते तिघे पुण्याला परतले.

मित्रांनो, मला वेळेवर तेल घाला, कागद देण्याआधी टाचण्या काढा आणि तो कागद एकदा वाचून बघा. आणि इरा तुमच्या वर्गात असेल, तर तिला यातले काही सांगू नका.