घराच्या पोटातलं कुटार

फरशीवर पसरलेला पेपर उचलायला अपेक्षा वाकली, तर तो फरशीला चिकटूनच राहिला आणि अर्धा तुकडा तेवढा हातात आला. फाटताना आवाजसुद्धा झाला नाही. दुधात भिजलेली पोळी तुटावी तसा तो तुटला.

रात्री झोपण्याआधी तिनेच तो पसरला होता. घराला ओल आहे की नाही ते असं कळतं, असं कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं. आता कळलं. पण कळून करायचं काय, ते मात्र कळेना.

कडेवरची दुर्वा खाली जायला धडपडत होती. पोर नुकतीच रांगायला लागली होती आणि नेमकं तेव्हापासूनच तिला खाली सोडायची अपेक्षाची हिंमत होत नव्हती. सोडलं की फरशीवर तिच्या तळव्यांचे ओले ठसे उमटायचे आणि पुसले तरी पुन्हा दिसायचे. त्यात खोकला. दिवसभर ठीक असायची, पहाटे मात्र छातीत बारीक शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं. सेलूच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, "बाळाला ओलसर जागेपासून लांब ठेवा." हिंगणीत ऐन पावसाळ्यात कोरडी जागा कुठे असते, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

घर गावाच्या टोकाला, नाल्याच्या अंगाने. जमीन काळी, म्हणजे उन्हाळ्यात भेगा आणि पावसाळ्यात फुगवटा. जुन्या घराची फरशी अशीच फुगून फुटली होती, म्हणून तिच्या सासऱ्यांनी, पुंडलिकरावांनी, नवं घर बांधताना ते खांबांवर उचलून घेतलं. खाली माणूस चार पायांवर शिरेल एवढी पोकळी राहिली. मागून आत जायला लोखंडी दार आणि वारा खेळायला भिंतीत विटेएवढे झरोके. घरात सगळे त्या जागेला घराचं पोट म्हणायचे. दरवर्षी पावसाआधी पुंडलिकराव स्वतः आत शिरून झाडायचे, चुना भुरभुरायचे, कडुनिंबाचा धूर करायचे. झरोके बारा महिने उघडे.

यंदा ते बंद होते, आणि तेही अपेक्षाच्या सांगण्यावरून. उन्हाळ्यात एका झरोक्यातून धामण सरसर बाहेर आली होती. धामण विषारी नसते, हे बी.एस्सी. झालेल्या अपेक्षाला माहीत होतं. पण मांडीवर लेकरू असताना ते आठवत नाही. "बाबा, ती भोकं बुजवून टाका," ती म्हणाली होती. "मला झोपच येत नाही." पुंडलिकरावांनी बोलणं मनावर घेतलं. सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीत उरलेला भुसा, पोत्यांत ठासून भरलं, आतून एकेका झरोक्याला एकेक पोतं दाबून लावलं आणि बाहेरून शेणमातीने लिंपून घेतलं. हात धुताना म्हणाले, "आता मुंगी बी जात नाई माह्या नातीजवळ." त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर घर बांधलं तेव्हापेक्षाही जास्त समाधान होतं.

आता त्यांनाच कसं सांगायचं?

आणि सांगायचं तरी काय? नवरा, प्रफुल, सेलूला खताच्या दुकानात कामाला. तिथून तो रोज व्हिडिओ पाठवायचा. एकात गोरा माणूस सांगत होता, दमट हवेत घराखालचे झरोके बंदच ठेवा, बाहेरची ओल आत येते. दुसऱ्यात नागपूरचा एक इंजिनिअर सांगत होता, उघडेच ठेवा, आतली ओल बाहेर गेली पाहिजे. अपेक्षाने दोन्ही पुन्हा पुन्हा पाहिले. पहिला ऐकला की पहिला पटायचा, दुसरा ऐकला की दुसरा.

"तू एक काहीतरी ठरव ना," प्रफुल फोनवर म्हणाला.

"तुम्ही ठरवा."

"मी म्हणतो उघड."

"आणि साप निघाला तर?"

"मग नको उघडू."

तिने फोन ठेवून दिला.

सासूबाईंचं, सुलोचनाबाईंचं, वेगळंच. "दिष्ट लागली वं पोरीले. परवा रुख्माबाई आलती ना, कशी गोरी दिसते म्हने." त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. धुराने दुर्वा आणखी खोकली. अपेक्षा तिला घेऊन दाराशी गेली. न जाणो, दृष्टच असेल. आता कशालाच नाही म्हणायची तिची तयारी नव्हती.

शेवटी पेपर फाटला त्या सकाळी तिने विषय काढलाच. "आई, झरोके उघडून बघू का?"

सुलोचनाबाईंचा हात पिठातच थांबला. "आज? उद्या पंचमी हाय अन् तू भोकाले हात लावतं? नागपंचमी झाल्याबिगर माती उकरू नाई, काही नाई."

"पण दुर्वा..."

"एक दिवसानं काय होते? पंचमी होऊ दे, मंग काय उकराचं ते उकरजो."

पंचमीला घरात तवा चढला नाही, विळी काढली नाही. भिंतीवर चंदनाने नाग काढला, लाह्या-दूध ठेवलं. अपेक्षाने हात जोडले खरे, पण मागायचं काय ते सुचेना. इथेच राहा म्हणावं तर लेकराच्या पायाखाली राहणार, आणि जा म्हणावं तर झरोके बंद, जाणार कुठून? शेवटी ती मनात एवढंच म्हणाली, 'तुम्हीच बघा.'

पहाटे पुन्हा ती शिट्टी वाजली. दिवस वर आल्यावर पुंडलिकराव वावराकडे गेले तशी तिने दुर्वाला सासूबाईंकडे दिलं, ओढणी नाकाला बांधली, मोबाईलची बॅटरी लावली आणि लोखंडी दारातून रांगत आत शिरली.

पहिला आला तो वास. भिजलेल्या गोठ्याचा, नासलेल्या ताकाचा, दोन्ही मिळून. मग गरमी. बाहेर गार वारा होता आणि आत भट्टीशेजारी बसल्यासारखं होतं. वर न्हाणीच्या पाइपाच्या जोडातून थेंब थेंब गळत होतं आणि खालची माती चिखल झाली होती. म्हणजे पाइपच? तिने उजेड फिरवला. जवळचं पोतं पांढऱ्या लवेने भरलं होतं, शिवणीतून छत्र्या उगवल्या होत्या. म्हणजे कुटार? तिने पोत्यात हात खुपसला आणि झटकन मागे घेतला. आतून पोतं कढत होतं.

तिने पोत्याचा कान धरला आणि ओढलं. हललं नाही. दोन्ही पाय भिंतीला लावून ओढलं, तेव्हा लिंपणासकट ते अंगावर आलं, आणि झरोक्यातून ऊन आत पडलं. त्या उन्हात दोन चपला दिसल्या. ओळखीच्या.

"कोन हाय बे आत?"

"मी आहे, बाबा."

चपलांच्या जागी गुडघे आले, मग पुंडलिकरावांचं तोंड. ते विळा विसरला म्हणून परतले होते. "तू? तिथी काय करून राह्यली वं बाई? इच्चूकाटा असला म्हंजे?"

"कुटार कुजलंय, बाबा."

"कसं कुजीन? वाळलं, खडखडीत भरलं होतं मी."

"हात लावून बघा."

झरोक्यातून त्यांचा हात आत आला, पोत्यात गेला आणि तसाच बाहेर पडला. भिजल्या कुटाराचा ढीग आतून कसा तापतो, हे त्यांना काय सांगायचं? वर फरशीपलीकडे दुर्वा खोकली. दोघांनीही ऐकलं.

"तूच तं म्हनली होती, बुजवा म्हनून," ते हळूच म्हणाले.

"म्हटलं होतं."

"आता म्हनतं, उघडा."

"हो."

"अन् उद्या साप निंघाला तं?"

खोटा धीर द्यावा असं तिला वाटलं, पण पोत्याच्या वासाने खोटंही सुचेना. "मला नाही माहीत, बाबा."

पुंडलिकरावांनी कपाळावरची माती पुसली. "मले बी नाई माहीत," ते म्हणाले. "सरक तिकडं. बाकीचे पोते तुह्यानं नाई निंघत."

ते आत आले. सासरा आणि सून चिखलात रांगत एकेक पोतं दाराकडे लोटत होते. शेवटच्या पोत्याखालून निघाला तो एक लठ्ठ बेडूक. दुपारून पाइपाचा जोड बदलला, चुना टाकला. झरोक्यांना लावायला जाळी हवी होती, ती पुंडलिकरावांनी कोंबड्यांच्या खुराड्याची उचकटून आणली.

"अन् कोंबड्या कुठी झोपतीन?" सुलोचनाबाई दारातून म्हणाल्या. "तुमच्या खाटेवर?"

"झोपू दे. तुह्यापेक्षा कमी बोलतात."

त्यानंतर पावसाने उघडीप दिली. खोकला कमी झाला. अपेक्षाला मात्र उत्तर मिळालं नाही. पाइपामुळे होतं, कुटारामुळे होतं, की औषधाचा गुण आला? सुलोचनाबाईंच्या मते मिरच्यांचा. उघडीप आहे म्हणून फरशी कोरडी वाटते, की खरंच कोरडी झाली? ती दिवसातून कितीदा तरी तळवा टेकून बघायची आणि दर वेळी वेगळं वाटायचं.

रविवारी प्रफुल घरी होता. तिने पुन्हा रात्रभर पेपर पसरून ठेवला होता, तो सगळ्यांपुढे धरला. "बघा, ओला आहे का?"

"सुका आहे," प्रफुल म्हणाला.

"मले तं सर्द लागते," सुलोचनाबाई म्हणाल्या.

पुंडलिकरावांनी कोपरा चोळला, नाकाशी नेला. "सांगता येत नाई बाप्पा."

तेवढ्यात दुर्वा प्रफुलच्या कडेवरून पुढे झुकली आणि कागदाच्या ओढीने घसरत घसरत फरशीवर उतरली. अपेक्षाने धरायला हात पुढे केला, पण धरलं नाही. पोरीने पेपरचं टोक मुठीत घेतलं आणि ओढलं.

टर्रर्र.

स्वतःच्याच करामतीवर चकित होऊन ती हसली आणि तिने पुन्हा ओढलं. पुन्हा तसाच खणखणीत आवाज. मग तुकडा तोंडात कोंबून ती तरातरा खिडकीकडे रांगत निघाली.

"अवं, कागद खाल्ला पोरीनं!" सुलोचनाबाई ओरडल्या.

अपेक्षा मागे धावली, पण डोळे फरशीवर होते. तळव्यांचे ठसे कुठे दिसत नव्हते. झरोक्यापाशी बाहेर काठी आपटल्याचा आवाज आला. पुंडलिकराव मधेच उठून जाळी पक्की आहे का ते बघायला गेले होते.