जयप्रकाशशेठची टेम्पररी बत्तिशी

मी बत्तिशी बोलतेय. खरं म्हणजे अर्धीच, वरची, आणि तीही टेम्पररी. सानपाड्याच्या जयप्रकाशशेठच्या तोंडात राहते. या माणसाने माझ्या डोक्याला जो ताप दिलाय, तो कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता राहवत नाही. तोंडात राहूनही मला बोलायला मिळत नाही. बोलतो सगळं तोच.

माझा जन्म लॅबमधला. ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी शेठच्या वरच्या हाडात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले आणि त्यांच्यावर मला आवळलं. दिसायला मी झकास, पण आहे प्लॅस्टिकची. माझं काम एवढंच, की हाड त्या स्क्रूंना घट्ट धरेपर्यंत काही महिने जागा राखायची. मग पक्के दात येणार आणि मी जाणार. डॉक्टर तेव्हाच म्हणाले, "शेठ, हाड पातळ आहे तुमचं. हे स्क्रू हलले तर दुसरे बसवायला जागा नाही. मग परत कवळी, कायमची. म्हणून सगळं मऊ खायचं."

कवळी म्हटल्यावर शेठचा चेहरा पडला. एपीएमसी मार्केटमध्ये त्याचा धान्याचा गाळा आहे. एकदा भर बाजारात भाव ओरडताना कवळी सुटली आणि तुरीच्या पोत्यात पडली. लोक अजून हसतात. तेव्हापासून हा तोंडावर रुमाल धरून बोलायचा. पण त्याचं खरं दुःख वेगळंच. हा माल पारखतो तो दाताने. दाणा दाढेखाली धरायचा आणि चावायचा. कट् वाजला तर माल सुका, नाही वाजला तर ओल आहे. टाळूला कवळी चिकटल्यापासून त्याला तो आवाजच नीट येईना. त्या आवाजासाठी तर हा सगळा खटाटोप केला.

घरी आल्यावर पहिले काही दिवस तो शहाण्यासारखा वागला, हे कबूल करते. गालाला बर्फ लावला, उशा रचून झोपला, मिठाच्या पाण्याने हळू गुळण्या केल्या. जेवण झालं की आरशासमोर उभा राहून माझ्याखालून बारीक ब्रश फिरवायचा. गाल असा सुजला होता की त्याला स्वतःलाच हसू यायचं, आणि हसलं की दुखायचं. समोरच्या फ्लॅटमधले रावसाहेब रोज यायचे आणि मोबाइलचा टॉर्च लावून म्हणायचे, "आ करा बघू, कुठवर आलंय." आलंय कुठवर म्हणजे काय, मी काय कल्याणची गाडी आहे?

अरुणाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, वरण, भात, दुधी, सगळं मिक्सरला लावलं. आणि स्वतःही तेच गिळायला लागली. पापडाशिवाय घास न उतरणारी बाई ती. पण पापडाचा डबा तिने रावसाहेबांकडे देऊन टाकला. मुलगी क्षिप्रा म्हणाली, "आई, तू तरी खा ना नीट." तर म्हणते कशी, "यांच्यासमोर कुरूमकुरूम करू? जीव जाईल यांचा."

आणि हा काय करत होता? गाळा आता क्षिप्रा सांभाळत होती. संध्याकाळी येताना ती मालाचे नमुने पिशव्यांतून घरी आणायची, बाबांनी नुसते बघावेत म्हणून. हा दाणे तळहातावर घ्यायचा, उजेडात धरायचा, वास घ्यायचा. आणि बोलता बोलता एक दाणा तोंडात. माझ्यावर. तांदूळ, मूग, तूर. चावायचा आणि रुमालात थुंकायचा.

मी आतून बोंबलतेय, अरे बाबा, नको. ऐकणार कोण? बरं, याच्या मनात चोरीसुद्धा नाही. डॉक्टरांनी तपासताना विचारलं, "कडक काही खाल्लं नाही ना?" तर हा छातीठोकपणे म्हणतो, "छे हो. वरणभाताच्या पुढे गेलो नाही." अरुणाबाईनेही मान हलवली. दोघं खरंच बोलत होती. याच्या लेखी ते खाणंच नव्हतं. गिळलं तर खाणं, थुंकलं तर धंदा. अशा माणसापुढे कपाळ फोडायचं म्हटलं तर मला कपाळही नाही.

मग एक दिवस काबुली चणे आले. क्षिप्रा म्हणाली, "बाबा, पार्टी मोठी आहे. उद्या सकाळपर्यंत हो-नाही सांगायचंय." याने एक चणा दाढेखाली धरला आणि दाबला. कट्.

"ऐकलंस?" शेठ खूश झाला. "कडक माल आहे. घेऊन टाक सगळा."

मग तो थुंकला. रुमालात चणा आख्खाच्या आख्खा होता, साधा चराही पडला नव्हता. त्याने जीभ वर फिरवली आणि तिथेच थांबला. वाजले होते ती मी. एका टोकापासून मधल्या दातांपर्यंत मला तडा गेला होता.

अरुणाबाईने रुमाल बघितला, चणा बघितला. तिला सगळं कळलं. ती ओरडली नाही. सोफ्यावर बसली आणि म्हणाली, "अहो, मी इतके दिवस पापडसुद्धा खाल्ला नाही."

सकाळी डॉक्टरांनी मला उतरवलं आणि एकेक स्क्रू हलवून बघायला घेतला. शेठने डोळे मिटले होते. अरुणाबाईने त्याचा हात धरला होता की आवळला होता, कळत नव्हतं. चारही स्क्रू जागचे हलले नव्हते. "ही फुटली म्हणून ते वाचले," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या वेळी ही नाही फुटायची. ते सुटतील." म्हणजे बघा, जन्मात एकदा माझं कौतुक झालं, ते फुटल्यावर.

लॅबमध्ये सांधून मला परत बसवलंय. तड्याची रेघ अजून दिसते. माझे दिवस भरत आले आहेत. पक्के दात आले की मला काढून कुठल्या तरी डब्यात टाकतील. टाका बापडे. जाण्याआधी नव्या दातांना एवढंच सांगते, की या माणसाच्या हातात दाणा दिसला की सावध राहा.

काल क्षिप्राने पुन्हा चणे आणले. शेठचा हात सवयीने तोंडाकडे निघाला. मी जीव मुठीत धरला. हात अर्ध्यावर थांबला आणि वळला. त्याने चणा अरुणाबाईसमोर धरला.

"तू चाव. मी ऐकतो."

"मला काय कळतंय तुमच्या धंद्यातलं?"

"तुला कशाला कळायला हवं? तू नुसतं चाव."

तिने तो दाढेखाली धरला. याने वाकून कान तिच्या गालाला लावला. क्षिप्रा गालातल्या गालात हसत मोबाइलमध्ये बघत राहिली. कट्. कितीतरी दिवसांनी त्या घरात काहीतरी कुरकुरीत वाजलं होतं, आणि चणा थुंकायचा सोडून अरुणाबाईने तो चावून खाऊन टाकला.

"सुका आहे का हो?" तिने विचारलं.

"नीट आलं नाही ऐकू," शेठ म्हणाला. "अजून एक खा."

खोटं बोलला. मी तिथेच होते. मलासुद्धा ऐकू आलं होतं.