माझे तिसरे पेडल

मित्रांनो, मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे. नाक लांब, दारे दोन आणि मागची सीट नावापुरती. रंग एके काळी गर्द निळा होता. बॉनेटखाली सहा सिलिंडरचे इंजिन आहे, आणि त्याच्या बाबतीत विनय दाखवणे मला कधीच जमले नाही.

कारखान्यात आम्ही बहिणी एकाच रांगेत तयार झालो. काहींना तीन पेडले मिळाली: अ‍ॅक्सिलरेटर, ब्रेक आणि डाव्या पायासाठी क्लच. अशा गाडीत माणूस क्लच दाबून स्वतःच्या हाताने गिअर बदलतो. मला दोनच पेडले मिळाली, आणि गिअर आपोआप बदलणारी एक जड पेटी मिळाली. पत्रा मात्र सगळ्यांचा सारखाच कापलेला होता. त्यामुळे क्लचची नळी जिथून जायची, तिथले भोक माझ्यात रिकामे राहिले. एका कामगाराने त्यावर रबरी टोपी दाबून बसवली आणि तो पुढच्या गाडीकडे वळला.

मला घरी आणणाऱ्या बाबांचे चष्म्याचे दुकान होते. हाताने इतके नाजूक काम करणारा हा माणूस पायाने अगदीच अडाणी होता. आई ड्रायव्हिंग स्कूल चालवत असे आणि बाबा एके काळी तिचेच विद्यार्थी होते. त्यांना क्लच कधी साधला नाही. शिकवणी संपली, लग्न झाले, तरी साधला नाही. म्हणून त्यांनी मला निवडले.

पहिल्या दिवशी आईने माझ्याभोवती एक फेरी मारली, दार उघडले आणि वाकून खाली पाहिले.

“हिच्यात डाव्या पायाने काय करायचं? झोप काढायची?”

“तेवढाच आराम तुझ्या पायाला,” बाबा म्हणाले.

“मला नकोय आराम. ही आपली आपणच चालते, तर मी कशाला मध्ये? चालवा तुम्हीच.”

ती माझ्या स्टिअरिंगवर कधी बसली नाही. शेजारी बसून रस्ता बघायची. बाबांना ते लागले असावे. त्यांनी अपघातात चेपलेल्या माझ्या एका बहिणीचा गिअरबॉक्स, क्लच आणि पेडल मिळवले, घोंगडीत गुंडाळून शेडच्या कोपऱ्यात ठेवले आणि जाहीर केले, “पुढच्या वर्षी हिला तुझ्याजोगती करून देतो.” मग पुढच्या वर्षी छप्पर गळायचे, नाहीतर दुकानाचे काम निघायचे. घरात काही लांबणीवर पडले की त्यांची लेक म्हणायची, “बाबांच्या गिअरबॉक्सनंतर बघू.” सगळ्यांत मोठ्याने बाबाच हसायचे.

मित्रांनो, बाबा गेले त्या सकाळी ते दुकानात पायी गेले होते, म्हणून मला काही कळले नाही. शेडच्या दाराखालच्या फटीतून पुष्कळ अनोळखी पाय दिसले, एवढेच.

मग माझ्यावर कव्हर आले. आईने स्कूलची पाटी उतरवून माझ्याच शेजारी भिंतीला टेकवून ठेवली. बाजारातही ती रिक्षाने जाऊ लागली. उभ्या उभ्या माझी गिअरची पेटी बिघडली. एकदा लेकीने मला बाहेर काढायचा प्रयत्न केला, तेव्हा इंजिन गर्जले आणि चाके जागची हलली नाहीत. एक नातेवाईक म्हणाले, “भंगारवाल्याला फोन करा. शेड तरी मोकळी होईल.”

लेकीने भंगारवाल्याऐवजी वस्तादांना फोन केला. वस्ताद म्हणजे बाबांचे जुने मित्र, गॅरेजवाले. त्यांनी घोंगडी उलगडून आतला ऐवज पाहिला.

“माल चांगला आहे,” ते म्हणाले. “पण तुझ्या बापाने हा आणला तेव्हा माझी कंबर शाबूत होती.”

“वजन मी उचलते, काका. तुम्ही फक्त सांगा.”

“आणि करायचं कशासाठी? चालवणार कोण?”

“आई. तिला एकदा गाडी चालवताना बघायचंय मला. घरात नुसती बसून असते ती.”

वस्तादांनी बाह्या वर केल्या.

सुट्टीच्या दिवशी काम चालायचे. मला ठोकळ्यांवर चढवले. लाल तेल ठिबकत माझी जुनी पेटी जॅकवर उतरली. तिने मला इमानाने साथ दिली होती, म्हणून वाईट वाटले. मग इंजिनाच्या मागे फ्लायव्हीलची जड चकती आली, त्यावर क्लच, त्यामागे गिअरबॉक्स. चाकांकडे जाणारा शाफ्ट लांबीला चुकला, तो कापून पुन्हा जोडावा लागला. लेकीच्या बोटांची सालटी निघाली. आणि एके दुपारी तिने पायांच्या जागेत डोके घालून, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने, ती रबरी टोपी काढली. पेडल तिथे असे बसले, जणू कारखान्यातला तो कामगार नुकताच जेवून परत आला होता.

चावी फिरवायचा दिवस आला. दिवे लागले. इंजिन मात्र ढिम्म.

वस्तादांनी बॅटरी तपासली. स्टार्टर काढून पुन्हा बसवला. एकेक वायर हलवून पाहिली. मी आतल्या आत तळमळत होते, कारण खरी गोष्ट मला माहीत होती. मला जन्मापासून शिकवले होते की गिअरचा दांडा ‘पी’वर, म्हणजे पार्किंगच्या खुणेवर आल्याशिवाय चालू व्हायचे नाही. आता तो दांडाही नव्हता आणि ती खूणही. मी आज्ञाधारकपणे ‘पी’ची वाट बघत होते.

आई जेवायला बोलवायला आली आणि दारातच थांबली. लेकीने पुन्हा चावी फिरवली. काही नाही.

“भाऊजी,” आई म्हणाली, “हे तर दरवेळी बजावायचे, पी वर असल्याशिवाय ही चालूच होत नाही म्हणून. तुम्ही तो पी कुठे ठेवलात?”

वस्तादांनी कपाळावर हात मारून घेतला. “वहिनी, हे तुम्ही सकाळी का नाही सांगितलंत?”

“सकाळी मला कुणी विचारलं?”

जुन्या पेटीच्या सुटून लोंबणाऱ्या दोन वायरी त्यांनी एकमेकींना जोडल्या. मला ‘पी’ मिळाल्यासारखेच झाले. लेकीने चावी फिरवली, आणि मित्रांनो, मी अशी पेटले की फळीवरचे डबे वाजू लागले.

लेक मला शेडबाहेर काढू लागली. क्लच सुटला, मी एक गचका खाल्ला आणि बंद पडले. पुन्हा सुरू केले, पुन्हा गचका. तिसऱ्यांदा वस्तादांनी डोळे मिटले. आईच्या तोंडाकडे मी पाहत होते. थोडा वेळ तिने सोसले.

“बापावर गेलीस अगदी,” ती म्हणाली. “क्लच आहे तो, झुरळ नाही. सरक तिकडे.”

लेक पटकन शेजारच्या सीटवर सरकली.

आईने सीट पुढे घेतली, आरसा वळवला, डावा पाय पेडलवर ठेवला आणि पेडल कुठे धरते ते दोनदा हळूच अजमावले. मग आम्ही निघालो, एकही गचका न खाता. मागच्या सीटवर वस्ताद अंगाची घडी घालून बसले होते.

गावाबाहेर एक उभा चढ आहे. आई तिथेच सगळ्यांना शिकवायची. बरोबर मध्यावर तिने मुद्दाम मला थांबवले. मागचा टेम्पो हॉर्न वाजवू लागला.

“आई, तो वाजवतोय.”

“वाजवू दे. त्याला घाई आहे, मला नाही.”

क्लच वर आला. इंजिनाची पकड चाकांपर्यंत पोहोचली. हँडब्रेक सुटला. मी तसूभरही मागे घसरले नाही. पहिला, दुसरा, तिसरा गिअर. माझे सहाही सिलिंडर मोकळ्या गळ्याने गात होते. इतकी वर्षे माझे गिअर एक पेटी ठरवत होती. आता एक माणूस माझा आवाज ऐकून ठरवत होता. टेम्पो केव्हाच मागे पडला. वर पोहोचल्यावर लेक खिडकीबाहेर पाहू लागली आणि बराच वेळ पाहत राहिली. आईने तिच्याकडे न वळता विचारले, “पेट्रोल किती आहे?”

“टाकी भरलीय.”

“मग पुढच्या गावापर्यंत जाऊ.”

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे यंत्र झाकून ठेवलेले असेल. कव्हरने धूळ लागत नाही हे खरे, पण आम्ही धुळीने मरत नाही, उभे राहून मरतो. तेल बदला, चाके फिरवा, सुटे भाग घोंगडीत फार दिवस ठेवू नका. आणि आम्ही चालू झालो नाही तर लगेच भंगार म्हणू नका. कदाचित आम्ही तुम्हीच शिकवलेली एखादी गोष्ट पाळत असू.

आता मात्र तुमची रजा घेते. आई टायरची हवा बघते आहे, आणि ती स्टिअरिंगवर बसली की मला गप्पांना सवड नसते.