शिशाची कडी

"काका, हे पिस्तुलात बसत नाहीये."

नेमबाज मधुवंतीच्या तळहातावर एक काडतूस होतं. शामकांतांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. पितळी पुंगळीच्या तोंडाशी, शिशाची गोळी आत शिरते तिथे, केसाएवढी चकचकीत कडी उठली होती. गोळी दाबताना पुंगळीच्या काठाने तिचं शिसं तासलं होतं.

"पिस्तुलातच काही बिघाड असेल," मधुवंती म्हणाली.

"पिस्तूल बिचारं काय करील? हे माझं काम."

शामकांतांची उमर जहाजांच्या इंजिनरूममध्ये फिटर म्हणून गेली होती. बोट सोडल्यावर ते सिंगापुरात मुलीच्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये राहिले. तिथे टीव्हीसमोर बसून जीव आंबायला लागला, तेव्हा नेमबाजीच्या या क्लबाने त्यांना मागची खोली दिली. सभासदांच्या सरावापुरती काडतुसं तिथे परवान्याने भरत. या खोलीपुरते ते अजून कामाचे होते. घरी नुसते आजोबा.

तांब्याचं कवच असलेली गोळी टणक. ती पुंगळीत निमूट जाते. ओतीव शिशाची गोळी मऊ, अंगाने थोडी भरलेली. तिच्यासाठी पुंगळीचं तोंड आधी किंचित फाकवावं लागतं. ते फाकवणारा पोलादी साचा, म्हणजे डाय, हाताच्या प्रेसमध्ये किती खाली उतरवायची, सगळा खेळ तेवढाच. कमी उतरली तर शिसं सोलतं, जास्त उतरली तर पितळ चिरतं. शामकांत काठावरून अंगठा फिरवत, काठ जरासा अडला की डाय जागेवर धरणारा लॉकनट आवळत. मापाचा कॅलिपर खणात पडून असे.

आज सकाळीच त्यांनी तांब्याच्या गोळ्यांची मांडणी मोडून शिशासाठी डाय लावली होती. काठ अडला होता का? अडला असं वाटलं होतं खरं. पण ते अंगठ्याने सांगितलं नव्हतं, सवयीने सांगितलं होतं.

त्यांना सकाळचा, हॉकर सेंटर नावाच्या खाऊबाजारातला कोपीचा, म्हणजे कॉफीचा, ठेला आठवला. "अंकल, हॉट लाह! व्हेरी हॉट!" कोपीवाली ओरडली होती. वाफाळता ग्लास त्यांनी नुसत्या मुठीत धरला होता. "बोटवाल्याचे हात आहेत," म्हणून ते हसले होते. बोटांना वर्षभर मुंग्या येत होत्या. डॉक्टरने रक्तातल्या साखरेकडे बोट दाखवलं होतं. घरी त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. मुलीला कळलं असतं तर खोली सुटली असती.

"किती झाडलीस?"

"एकही नाही. पहिलंच अडलं."

"बरं झालं. डबा आण."

तिने डबा आणला. काही काडतुसांवर कडी होती, काही स्वच्छ दिसत होती.

"सगळी फोडायची?"

"चांगली निवडायला बोटांवर भरवसा लागतो. तो माझा उडालाय."

मधुवंती त्यांच्या बोटांकडे बघत राहिली. वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसातून सुटली की ती थेट इथे येई. रविवारी तिची निवड चाचणी होती.

"काका, लॉकनट सैल झाला म्हणू या. मॅनेजर टे खोलीत येतात कुठे? आणि तुम्ही गेलात तर माझी काडतुसं कोण भरणार? मी काय एलआरटीच्या गाडीत बसून भरू?"

"तू ऑफिसात कॉम्प्युटर आपटतेस तशी प्रेस आपटशील, हीच भीती आहे मला," ते म्हणाले. मग आवाज उतरला. "नट सैल नव्हता, बाळा. आज अडलं म्हणून आपल्याला कळलं. पुढची चूक अशी अडून सांगेलच असं नाही."

ते उठून मॅनेजर टेंच्या केबिनमध्ये गेले.

"बॉस, फिंगर नो फीलिंग. आय स्टॉप."

टेंनी पेन खाली ठेवलं.

"देन हू विल डू, अंकल?"

शामकांतांनी दारात येऊन उभ्या राहिलेल्या मधुवंतीकडे मान वळवली. क्लबाचं काडतूस भरण्याचं प्रशिक्षण तिने गेल्याच वर्षी पुरं केलं होतं.

दोघांनी डब्यातली काडतुसं एकेक करून सुटी केली. शिसं पुन्हा वितळवायला एका डब्यात, पुंगळ्या दुसऱ्यात, दारू वेगळ्या बाटलीत. मग मधुवंती प्रेससमोर बसली. शामकांत शेजारच्या स्टुलावर. इतकी वर्षं त्या स्टुलावर त्यांचं काम बघायला कोणीतरी येऊन बसायचं.

"आधी कॅलिपर," ते म्हणाले. "अंगठा नंतर."

तिने डाय थोडी थोडी उतरवली, मोजलं, परत उतरवली. पुंगळीच्या काठावरून अंगठा फिरवला आणि शिकतानाच्या सवयीने पुंगळी त्यांच्यापुढे धरली.

"बघा बरं."

शामकांतांचा हात निम्म्या वाटेवर आला. मग तो त्यांनी गुडघ्यावर ठेवला.

"तू सांग. काय लागतंय?"

"किंचित अडतंय. स्टीलच्या वाटीच्या काठासारखं."

"मग आवळ."

तिने लॉकनट आवळला, चाचणीपुरती, दारू न भरताच, गोळी ठेवून प्रेसचा दांडा ओढला. गोळी आत गेली. शेवटच्या डायने फाकलेला काठ मिटवला. कडी नव्हती. पिस्तुलाच्या सुट्या नळीत काडतूस सोडलं, ते अलगद बसलं. नळी उलटी करताच आपसूक तळहातावर आलं. तिने मान वर केली. शामकांतांनी खिशातून खोलीची किल्ली काढली आणि प्रेसशेजारी ठेवली.

काम आटोपल्यावर ती त्यांना कोपी प्यायला घेऊन गेली. ग्लास समोर आला. शामकांतांनी हात पुढे केला, मग मागे घेतला; किती गरम आहे ते बोटं सांगणार नव्हती. शेजारच्या टेबलावरची माणसं आपापल्या ग्लासांवर फुंकर घालत होती. त्या माणसांनी पहिला घोट घेईपर्यंत शामकांत थांबले.