कोपराला गूळ

तनुजाच्या कोपरात दुखायला लागलं, त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू?

तनुजा म्हणजे माझी धाकटी जाऊ. चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सीटना स्क्रू मारते. एके संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून घरात आली ती हात पोटाशी धरूनच. "आत्या, हात सरळ केला की कोपर वाजतंय बघा," म्हणाली, आणि कट् करून वाजवूनही दाखवलं. आत्या, म्हणजे आमच्या सासूबाई, कुणाच्या तापल्या अंगाला कधी हात लावून न बघणारी बाई. पण त्या उठल्या, गूळ चेचला, त्यात चुना कालवला आणि तिच्या कोपराला लेप लावत बसल्या. लोक कोपराला गूळ लावतात तो दुसऱ्याला झुलवायला. आत्या खरोखरीचा लावत होत्या, वर फुंकरही घालत होत्या.

"लई पिळून घेत्यात गं कंपनीवाले," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "जयमाला, हिला आता कायबी काम सांगू नगंस."

आधी तरी कोण सांगत होतं? तनुजा डावखुरी. डाव्या हाताने अन्नाला शिवायचं नाही, असं म्हणून आत्यांनी तिला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात परातीपासून उठवलं, ती कायमचीच. तेव्हा बिचारी रडली होती. मला मात्र तेव्हाही वाटलं होतं, देवाने मला का नाही डावखुरी केलं.

आमचं भोसरीतलं शेत जाऊन तिथे खोल्या झाल्या. खोल्यांत बीड-लातूरकडची पोरं भाड्याने राहतात आणि त्यांचे डबे मी करते. त्यांना पोळी चालत नाही, ज्वारीची भाकरीच लागते. माझं उजवं कोपर तनुजाच्या कितीतरी आधीपासून वाजतंय. पीठ मळताना वाजतं, परात उचलताना कळ येते, कधीकधी हात अर्ध्यातच अडकतो आणि झटका दिल्याशिवाय सुटत नाही. पण मी बोलले नाही. कुणीतरी विचारावं असं वाटत होतं, आणि कुणी विचारलं नाही. मऊ लागलं की कोपराने खणायचं, ही आमच्या घरची रीतच आहे.

गुरुवारी तनुजाला सुट्टी. "तिला हाडाच्या डॉक्टरकडं घिऊन जा," आत्यांनी मलाच फर्मावलं. गेले. दात-ओठ खात गेले.

डॉक्टर तरुण बाई होती. तिने तनुजाचा उजवा हात वाकवला, फिरवला. "आवाज येतो तेव्हाच दुखतं का?"

"न्हाई. दुखतं ते हितं, बाहेरच्या हाडावर. स्क्रूची गन धरली की."

"मग आवाजाला घाबरू नका. बोटं मोडताना वाजतात ना, तसंच. सांध्यात बुडबुडे फुटतात. दुखतोय तो स्नायू, एकच काम सारखं करून. पण मघाशी नाव तर तुम्ही डाव्या हाताने लिहिलंत, मग गन उजव्या हातात कशी?"

"लाईनीवर गन उजवीकडंच टांगलेली असती, मॅडम."

डॉक्टरांनी पट्टा दिला, बर्फाने शेकायला सांगितलं, व्यायाम दाखवले, आणि गन काही दिवस बंद किंवा डावीकडे टांगून घ्या म्हणून कंपनीला चिठ्ठी दिली. गूळ-चुन्याने कातडी भाजते, तो थांबवा, असंही बजावलं.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बुडबुडे! आत्या ज्यावर फुंकर घालत होत्या ते नुसते बुडबुडे होते. कधी एकदा घरी जाऊन सांगते असं झालं मला. त्या भरात मी उठून काचेचं जड दार ओढलं, आणि माझं कोपर कट् करून तिथेच अडकलं.

"ताई, तुम्ही बसा जरा," डॉक्टर म्हणाली. "हे किती दिवसांपासून आहे? खूप दुखतं का?"

मला रडूच फुटलं. दुखण्याचं नव्हे, विचारल्याचं.

फोटो काढला. सांध्यात हाडाचा बारकासा तुकडा सुटून फिरत होता. जात्यात खडा अडकावा तसा तो मध्येच अडकायचा. "आवाजाबरोबर दुखतं आणि हात अडकतो, तेव्हा मात्र अंगावर काढायचं नसतं," डॉक्टर म्हणाली. "झटका द्यायचा नाही, मळणं-थापणं बंद. तरी अडकत राहिलं तर दुर्बिणीतून तुकडा काढून टाकू."

रिक्षात मी तो फोटो मांडीवर घेऊन ताठ बसले होते. तिचे बुडबुडे, माझा पुरावा.

आत्यांनी फोटो उजेडात धरला. "आगं, मग बोलली का न्हाईस?" म्हणाल्या, आणि गूळ चेचायला बसल्या.

"आत्या, डॉक्टर नको म्हणाल्यात," तनुजा म्हणाली.

"चुना न्हाई घालत, नुसता गूळ लावते." आणि लावला. माझ्या कोपरावर आत्यांची फुंकर! मी डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं ज्याच्यासाठी झुरले ते मिळालं होतं.

संध्याकाळ झाली. डबे तर जायलाच हवे होते. मी कॉटवर पडून होते, आत परातीचा आवाज येत होता.

"डाव्या हातानं चालंल का, आत्या?" तनुजाने विचारलं.

"थाप बाई. पोरं उपाशी ठेवायची का?"

थोड्या वेळाने आत्यांचाच आवाज आला. "आगं बया, काय टम्म फुगली गं! उगंच इतकी वर्सं तुला लांब ठिवली."

मग भाड्याच्या खोलीतला नवनाथ डबा परत द्यायला आला, आणि त्याने मला दारातूनच विचारलं, "वैनी, आज भाकरी कुणाची होती? पार आमच्या मायच्या हातची वाटली."

"माझी न्हाई," मी म्हणाले. तनुजा आत हसली. आत्याही हसल्या. माझी परात, माझी पोरं, माझा तवा, आणि मी बाहेर कॉटवर.

कोपरावरचा गूळ ओघळत होता. मी मान वळवली, खांदा पुढे घेतला, जीभ बाहेर काढून पाहिली.

नाही पोचली.